टिटवीची हाक

फार जुनी गोष्ट नाही, परवापरवाचीच म्हणा. पूर्वीच्या गोष्टींत गुरूचा आश्रम नदीकाठी असे, शिष्य पाणी भरत, आणि एखादा व्यापारी वाट चुकून तिथे येई. या गोष्टीतला आश्रम गुळाच्या एका वखारीच्या गच्चीवर आहे. शिष्या पाणी भरत नाही, आकाशाला कान लावून बसते. व्यापारीही वाट चुकून आलेला नाही, कारण वखार त्याचीच आहे. एवढा फरक सोडला तर माणसं तीच आहेत, आणि त्यांच्या चुकाही बहुतेक त्याच.

उसाच्या मुलखातल्या एका महाविद्यालयाने एक लहानसा उपग्रह बनवला होता. लहानसा म्हणजे किती, तर बुटांच्या खोक्याएवढा. फार दूर जाण्याचं त्याचं काम नव्हतं. पृथ्वीच्या अगदी जवळच्या कक्षेत राहून, दिवसातून अनेकदा तिला प्रदक्षिणा घालत, त्याने जिल्ह्यातली तळी वरून पाहायची होती. कुठल्या तळ्याचं पाणी मोकळं आहे आणि कुठल्या तळ्यावर जलपर्णीने आपलं हिरवं कांबळं पसरलं आहे, हे छायाचित्र काढून सांगायचं होतं. तळ्याकाठी राहते आणि सतत ओरडते म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं टिटवी. त्या दिवसापासून तो उपग्रह ‘तो’ राहिला नाही, ‘ती’ झाला.

महाविद्यालयाच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. आकाश मोकळं दिसावं म्हणून टिटवीशी बोलणारी डिश गावाबाहेर, भूपाल मगदूम यांच्या गुळाच्या वखारीवर बसवली होती. मगदूमांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी गच्ची आनंदाने दिली, पण एक अट घातली. टिटवीने वरून त्यांच्या वखारीचा फोटो काढलाच पाहिजे. तो चुकू नये म्हणून त्यांनी गच्चीवर लाल रंगाचं एक मोठं गोल काढून घेतलं होतं. एवढ्या उंचीवरून एवढ्याशा कॅमेऱ्याला ते गोल दिसणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगवत नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

टिटवीचा तो डोळा, म्हणजे कॅमेरा, ऋजुताने बनवला होता. संशोधन करणारी ही मुलगी ज्या गावची, त्या गावच्या तळ्यात तिची आई पोहायला शिकल्याचं ती ऐकून होती. तिने स्वतः मात्र त्या तळ्यात पाणी पाहिलंच नव्हतं, फक्त पानं पाहिली होती. म्हणून हे काम तिच्या जिवाचं झालं होतं. भिंग बसवताना श्वासाची वाफ लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधून ती तासन्‌तास वाकून बसे. उपग्रह गेला तेव्हा तिची मान दुखायची राहिली, आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

या सगळ्यांच्या मागे अंबादास सर होते. ऋजुताचे जे शिक्षक, त्यांचेही ते शिक्षक. हातात लहानशी अँटेना धरून, आकाशाच्या दिशेने ती हळूहळू फिरवत त्यांनी एके काळी किती उपग्रह ऐकले, याच्या कथा जुने विद्यार्थी सांगत. पण सर आता थकले, असं सगळ्यांचं मत झालं होतं. हल्ली ते बोलत नाहीत, बोलले तर नीट ऐकू येत नाही, म्हणत. सभा संपत आली, लॅपटॉप मिटू लागले, खुर्च्या सरकू लागल्या, की कुणीतरी आदराने विचारी, “सर, तुम्हाला काही सांगायचंय?” सर ओठ हलवत. तोवर अर्धी माणसं दाराशी पोचलेली असत.

टिटवी आकाशात गेली त्या दिवशी गच्चीवर पेढे वाटले गेले. एकाच अग्निबाणाने तिच्यासारखी पुष्कळ लेकरं वर नेऊन सोडली होती, देशोदेशीची. ती सारी एकाच वाटेने, एकमेकांना खेटून, माळ धरल्यासारखी चालली होती. आकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारे लोक अशा प्रत्येक वस्तूला क्रमांक देतात आणि ती कधी कुठे असेल ते जाहीर करतात. पण कुठल्या क्रमांकाचं लेकरू कुणाचं, हे त्यांनाही सुरुवातीला ठाऊक नसतं. ज्याने त्याने आपलं आपण ओळखून घ्यायचं असतं. ऋजुताने माळेतल्या एका क्रमांकाकडे डिश वळवली, आणि टिटवीची हाक स्वच्छ ऐकू आली. टिट, टिट, टिट. मुलांनी एकच गलका केला. ऋजुताला रडू आलं. तिने तो क्रमांक पक्का केला, आणि डिश फिरवणाऱ्या संगणकाला सांगून टाकलं, आता हिच्याच मागे राहा.

त्या गलक्यात अंबादास सर तिच्याजवळ येऊन काहीतरी म्हणाले होते. ती म्हणाली, “हो सर, नंतर बोलू या.” सर मान हलवून पेढा खात बाजूला बसले.

नंतर दिवस उलटू लागले, तशी टिटवीची हाक मंदावू लागली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग ऋजुताच्या लक्षात आलं की आवाज रोज आदल्या दिवसापेक्षा खाली आहे. तिने तारा तपासल्या, जोड तपासले, डिशच्या मोटरमध्ये वंगण घातलं. डिश अचूक फिरत होती, आकाशातल्या त्या क्रमांकावरून तिचं नाक तसूभर हलत नव्हतं. म्हणजे इथे दोष नाही. मग दोष वर असणार. टिटवीची बॅटरी नीट भरत नसावी, किंवा तिची अँटेना अर्धीच उघडली असावी. एकदा ही शंका मनात शिरली, आणि मग प्रत्येक गोष्ट तिला साक्ष देऊ लागली. शंकेचं हे असंच असतं. तिला साक्षीदार फार लवकर मिळतात.

आणि या दुखण्यावर एक कडू औषध उपग्रहातच ठेवलेलं होतं. एक आज्ञा होती, जिचं नाव मुलांनी ‘मिट’ ठेवलं होतं. ती दिली की टिटवी आपल्या कॅमेऱ्याची जोडणी कायमची तोडून टाकणार आणि उरलेली सगळी वीज हाक मारण्याकडे वळवणार. मग ती जगेल, बोलेल, पण तिला कधीही काहीही दिसणार नाही. ही आज्ञा परत घेता येत नव्हती. म्हणूनच ती द्यायला दोन माणसांचे दोन परवलीचे शब्द लागत. एक शब्द ऋजुताकडे होता. दुसरा, केवळ मान म्हणून, अंबादास सरांकडे ठेवलेला होता.

त्या सकाळी हवेत गारवा होता. आसपासची गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि काकवीचा वास गच्चीपर्यंत येत होता. टिटवी सकाळच्या वेळात तीनदा येई: एकदा पूर्वेकडे खाली, दीड तासाने अगदी डोक्यावरून, आणि पुन्हा दीड तासाने पश्चिमेकडे खाली. पहिल्या फेरीत हाक इतकी क्षीण आली की ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं. आपली आज्ञाही तिच्यापर्यंत आता अशीच क्षीण पोचत असेल. डोक्यावरची फेरी सर्वांत जास्त वेळ चालते, तीच काय ती शेवटची संधी. उद्या कदाचित टिटवीला काही ऐकूच येणार नाही, आणि डोळा मिटून तिला वाचवण्याचा मार्गही राहणार नाही.

तिने सरांना फोन केला. सर रिक्षा करून आले. अण्णांनी त्यांना हात धरून जिना चढवला आणि वर येताच नेहमीचा प्रश्न टाकला.

“काय ओ ताई, आली का तुमची टिटवी? आमच्या गोलाचा फोटो कवा काढत्या?”

अण्णांनी ऋजुताचं तोंड पाहिलं आणि आवाज उतरवला. “बरं न्हाई व्हय तिला? मी तवाच म्हनलो हुतो, टिटवी नाव ठेवू नगा. अपशकुनी पाखरू ते. मैना ठेवायचं हुतं.” एवढं बोलून ते चहा सांगायला खाली गेले. वाईट वाटलं की माणसांना चहा पाजायचा, ही त्यांची रीत होती.

ऋजुताने सरांना सगळं सांगितलं. बोलताना तिचा एक डोळा घड्याळावर होता आणि बोटं संगणकावर होती. शेवटी ती म्हणाली, “सर, मला तुमचा शब्द हवाय. दुसरा इलाज नाही.”

सरांनी विचारलं, “तिचा आवाज जास्त चांगला कधी येतो गं?”

“सर?”

“एका फेरीत. उगवताना, डोक्यावर असताना, का मावळताना?”

“उगवताना बरा असतो. डोक्यावर आली की जवळजवळ मिटतो. मावळताना पुन्हा जरा येतो.”

“म्हणजे लांब असताना बोलते आणि जवळ आली की गप्प होते.”

“हो. अँटेना अर्धीच उघडली असेल तर तसं होऊ शकतं. ती डोक्यावर आली की बंद बाजू आपल्याकडे होत असणार.” तिच्या या उत्तरात एक सराईतपणा होता. हा प्रश्न तिने स्वतःला आधीच विचारला होता आणि त्याचं उत्तर देऊनही टाकलं होतं.

“असेल,” सर म्हणाले. “तसंही असेल. शब्द मी तुला देतो. पण ही फेरी मला दे.”

“सर, हीच तर—”

“ही फेरी मला दे. पुढच्या फेरीला माझा शब्द तुझा.”

नाही म्हणणं ऋजुताच्या हाती नव्हतं. सरांनी विचारलं, “तुझ्या गणिताप्रमाणे ती सर्वांत उंच कुठे येणार? डिश तिथे लाव.” तिने डिश तिथे लावली. मग तो म्हातारा माणूस उठला, डिशच्या बैठकीजवळ गेला, मोटरचा प्लग भिंतीतून उपसून काढला, वायर नीट गुंडाळली आणि वेटोळं मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. मांजर मांडीवर घेऊन बसावं तसा.

“सर! डिश फिरणार कशी?”

“आज फिरणार नाही.”

“पण मग ती उगवेल ते आपल्याला ऐकूच येणार नाही! थोडं तरी जे ऐकू येत होतं तेही—”

“हो,” सर म्हणाले. “तेही जाईल.”

आता जरा ऋजुताच्या जागी बसून पाहा. आपलं लेकरू अंथरुणाला खिळलेलं आहे, त्याची शेवटची हालचाल टिपायला आपण टपून बसलो आहोत, आणि घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस खिडकीचा पडदा ओढून घेतं. तिला संताप आला. सरांचा आला, आणि त्यांना हा मान ज्यांनी दिला त्यांचाही आला. सर थकले आहेत, असं जे सगळे म्हणतात ते खरंच आहे, असं तिच्या मनात आलं. आणि असं मनात आलं म्हणून तिला लाजही वाटली. पण संताप लाजेपेक्षा मोठा होता.

फेरी सुरू झाली. टिटवी क्षितिजावर उगवली असणार. रोज या क्षणी संगणकाला जोडलेल्या कर्ण्यातून बारीक का होईना, टिट टिट येत असे. आज नुसती खरखर आली. डिश आभाळाकडे तोंड करून निश्चल उभी होती. गच्चीखालून उसाने लादलेले ट्रॅक्टर चालले होते आणि त्यांच्यावरची गाणी वर येत होती. अण्णा चहाचे पेले घेऊन आले, वातावरण पाहून बाजूला उभे राहिले.

ऋजुताच्या पडद्यावर तो क्रमांक सरकत सरकत वर येत होता. तो ठरलेल्या जागी आला, बरोबर डिशच्या तोंडासमोर. खरखर. तो पुढे गेला. खरखर.

“गेली,” ती म्हणाली. “सर, ती समोरून गेली आणि एक शब्द बोलली नाही. संपलं.”

“बस जरा,” सर म्हणाले. “अण्णा, चहा द्या तिला.”

अण्णांनी पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. अण्णांचा हात तसाच पुढे राहिला.

आणि त्याच वेळी कर्णा वाजला. टिट. टिट. टिट. बारीक नव्हे, चाचरत नव्हे. पहिल्या दिवशी वाजला होता त्याहूनही मोठा, गच्चीभर. अण्णा इतके दचकले की गुळाचा चहा त्यांच्या धोतरावर सांडला. “आगं बया!” ते ओरडले. काही क्षण हाक तशीच खणखणत राहिली, मग डिशसमोरून सरकून गेली, उतरत उतरत खरखरीत विरली.

ऋजुता उभी राहिली होती. पडद्यावरचा तो क्रमांक तर केव्हाच पुढे निघून गेला होता. मग हे कोण बोललं?

तिने घाईघाईने माळेतले बाकीचे क्रमांक पडद्यावर आणले. त्या क्षणी, त्या जागी, त्याच वाटेवरून जाणारा एकच क्रमांक होता. ती ज्याच्यामागे इतके दिवस डिश फिरवत होती त्याच्या मागून येणारा, त्याच्यापासून कधीचा मागे पडलेला.

“मी दुसऱ्याच कुणाकडे बघत होते,” ती म्हणाली.

सरांनी मांडीवरची वायर खाली ठेवली. मग ते बोलले, आणि त्या दिवशी गच्चीवर कुणीच घाईत नव्हतं, म्हणून पूर्ण बोलले.

“तुझं गणित चुकलं नव्हतं, ऋजुता. ते अगदी बरोबर होतं, फक्त दुसऱ्याच्या लेकराचं होतं. पहिल्या दिवशी सगळी एकमेकांना चिकटून चालली होती. तू एकाचा हात धरलास आणि म्हणालीस, हेच माझं. टिटवी तेव्हा इतकी शेजारी होती की चूक कळायला फटच नव्हती. मग ती रोज थोडी मागे पडत गेली, आणि तू रोज तितक्याच नेमकेपणाने पुढच्याकडे पाहत राहिलीस. तो खालचा रस्ता बघ. लांबून येणारे दोन ट्रॅक्टर एकमेकांना लागून आल्यासारखे दिसतात. आपल्या समोरून जायला लागले की कळतं, मधे केवढं अंतर आहे. क्षितिजावर होती तोवर ती तुझ्या नजरेच्या कडेला तरी होती. डोक्यावर आली की पार बाहेर जायची. तिचा आवाज मिटत नव्हता गं. आपलं तोंड तिच्याकडे नव्हतं.”

ते थांबले. अण्णांनी धोतर झटकायचं सोडून दिलं होतं आणि ते कान देऊन ऐकत होते.

“आणि आपण धावत असलो की हे कळत नाही,” सर पुढे म्हणाले. “धावणाऱ्याला वाटतं, मी तर एक क्षण नजर काढलेली नाही, मग दोष समोरच्याचाच. म्हणून एकदा थांबायचं. तिची वाट आपल्याला ठाऊक होती. त्या वाटेवर एका जागी उभं राहायचं आणि ती कधी येते हे तिलाच सांगू द्यायचं.”

ऋजुताने विचारलं, “तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“नाही. शंका होती. ती खरंच मरत असेल, असंही वाटत होतं. म्हणून तर पुढच्या फेरीला शब्द देणार होतो, आणि तो शब्द मी पाळला असता.”

एका फेरीचं अंतर. ऋजुताने स्वतःच्या हाताने, पूर्ण विचार करून, अगदी प्रेमापोटी, एका धडधाकट जिवाचे डोळे काढले असते. आणि मग आपण तिला वाचवलं, असंही आयुष्यभर सांगत राहिली असती.

मोटरचा प्लग पुन्हा भिंतीत गेला. पश्चिमेकडच्या फेरीत डिश नव्या क्रमांकामागे फिरली, आणि टिटवी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत बोलत राहिली. तिने आपली बॅटरी भरलेली असल्याचं सांगितलं, अँटेना पूर्ण उघडलेली असल्याचं सांगितलं. बिचारी बहुधा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. ‘मिट’ आज्ञेचा विषय कुणी काढला नाही. ऋजुताने तिला दुसरीच आज्ञा पाठवली: उद्या इथून जाताना डोळा उघड.

दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी चित्र उतरलं. जिल्हा वरून असा दिसतो हे त्या जिल्ह्यातल्या कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. उसाचे हिरवे चौकोन, नदीचं वळण, आणि त्यांच्यामधे तळी. काही काळी, आरशासारखी. काही नुसती हिरवी. ऋजुताने आपल्या गावचं तळं शोधलं. ते हिरवं होतं, पण एका कडेला नखाएवढं काळं पाणी अजून शिल्लक होतं. ती त्या नखाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

“आमचं गोल कुठं हाय?” अण्णांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

आता मात्र सांगणं भाग होतं. “अण्णा, एवढं लहान नाही दिसत हो तिला. ही सगळी वखार म्हणजे या चित्रातला एक ठिपका आहे.”

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “कुठला ठिपका?”

तिने बोट ठेवलं. अण्णांनी तो ठिपका अगदी निरखून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. “हाय की मग,” ते म्हणाले. आणि पेढे आणायला माणूस धाडला.

गलका पुन्हा झाला. मुलं पुन्हा नाचली. अंबादास सर त्या दिवसासारखेच बाजूला, कठड्याजवळच्या खुर्चीत पेढा खात बसले होते. त्यांच्याकडे नजर गेली आणि ऋजुताला एकाएकी तो पहिला दिवस आठवला. असाच गलका, असेच पेढे, आणि सर जवळ येऊन काहीतरी म्हणाले होते. काय म्हणाले होते? तिला आठवेना. आठवेल कसं, तिने ऐकलंच नव्हतं. ‘हो सर, नंतर बोलू या’ हे आपलं उत्तर तेवढं तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ते ‘नंतर’ आजपर्यंत आलं नव्हतं. त्यानंतरच्या साऱ्या सभा तिला आठवल्या, मिटणारे लॅपटॉप, सरकणाऱ्या खुर्च्या. कालची सकाळही आठवली, जेव्हा मदत मागायला त्यांना बोलावलं आणि बोलताना ती मात्र घड्याळाकडे पाहत होती.

तिने लॅपटॉप मिटला. एक खुर्ची उचलून ती कठड्याजवळ घेऊन गेली, सरांच्या शेजारी नव्हे, अगदी समोर ठेवली, आणि बसली.

“सर,” ती म्हणाली, “पहिल्या दिवशी तुम्ही मला काहीतरी म्हणाला होतात. काय होतं ते?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

“फार काही नाही गं. एवढंच, की कशावरून हीच आपली?”

ऋजुताने मान खाली घातली. सरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. “आमच्या वेळी असं एकदा झालं होतं,” ते म्हणाले, आणि सांगू लागले. हातातली अँटेना, चुकलेला उपग्रह, त्या वेळची माणसं, त्यांचे हट्ट. ती काही न बोलता, इकडेतिकडे न पाहता ऐकत राहिली. मागे मुलांचा गोंगाट चालू होता, खाली ट्रॅक्टरवरची गाणी चालू होती, आणि तरी तिला एकेक शब्द नीट ऐकू येत होता.

सरांचा आवाज चांगला खणखणीत होता.